दुसऱ्या भागाचा दहावा

मी आजवर पुष्कळ वेळा मेले आहे. विहिरीत पडून, विष पिऊन, तोफेचा गोळा लागून आणि एकदा तर राक्षस शिंकला म्हणून. दर वेळी काचेपलीकडचा माणूस म्हणतो, "ताई, अजून एकदा मरता का? या वेळी जरा सावकाश." की मी घोटभर पाणी पिऊन परत मरते. आवाज देणं हा माझा धंदा. कार्टून, जाहिराती, परभाषेतल्या मालिका आणि अलीकडे गेम.

त्यातल्या एका गेमनं मला माझ्याच घरात असं कोंडलं होतं, की ते आठवलं की मी अजून एकटीच हसते आणि मग उठून दाराची कडी बघून येते.

आधी घर समजून घ्या. मुलुंड पूर्वेला आमची सात मजली इमारत. पाचव्या मजल्यावर आम्ही तिघं: मी, नवरा आणि माझे सासरे. सासरे तळकोकणातले. उमेदीची वर्षं कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर गेली. एवढ्या खडखडाटात आपल्या साच्याचा एक धागा तुटला तर पाठमोरा उभा असताना ओळखायचो, असं ते सांगतात. मी कधी शंका घेतली नाही. मी स्वयंपाकघरात कुठला डबा उघडला, ते त्यांना हॉलमध्ये बसून कळतं.

मग त्यांचे गुडघे गेले. त्या गुडघ्यांचा स्वभावच तिरपागडा. चढायला साथ देतात, उतरायला साफ नकार. लिफ्ट होती तोवर निभावलं. पुढे सोसायटीनं नवी बसवायची म्हणून जुनी लिफ्ट काढली, आणि नव्या लिफ्टला दार जाळीचं की पत्र्याचं यावरून कमिटीत अशी जुंपली, की सात महिने झाले तरी दर मजल्यावर लिफ्टच्या जागी नुसत्या फळ्या. म्हणजे सात महिने सासरे पाचव्या मजल्यावर. गेटाजवळचा चहा, बाकावरचे मित्र, मासळीबाजारातली बांगड्यांवरची घासाघीस, सगळं खाली राहिलं. खिडकीतून दिसायचं काय, तर समोरच्या टॉवरचं पार्किंग. कुठली गाडी किती वाजता निघते, हे ते तिथल्या वॉचमनपेक्षा अचूक सांगत.

अशात त्यांच्या हाती तो गेम लागला.

अंधेरीच्या एका लहानशा कंपनीनं केलेला. समुद्रातला किल्ला, खाडी, होड्या, माड, आणि किल्ल्यावर रात्री दिवा लावणारी एक धीट मुलगी. मराठीत तिचा आवाज मी. माझं वय बावन्न, तिचं बावीस, पण घशाला कुठे जन्मदाखला लागतो? नवऱ्यानं कौतुकानं टीव्हीला जोडून दिला. सासऱ्यांनी कंट्रोलर हातात घेतला, त्याला "रिमोट" म्हटलं, आणि संपलं. माणूस सात महिन्यांनी समुद्रावर गेला.

लढाया त्यांना नकोच होत्या. गनीम आला की ते मुलीला खडकामागे लपवायचे आणि तो गेला की कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायला न्यायचे. कुर्ल्या पकडायची सोय त्या गेममध्ये पाच मिनिटांच्या गमतीसाठी होती. सासऱ्यांनी त्यात तीन आठवडे काढले. कधी नुसते तिला धक्क्यावर उभी करून भरती बघत बसायचे. "थंय माड चुकीचो लावल्यानी," म्हणायचे, "एवढ्या खाऱ्या पाण्यात माड जगाचो नाय."

शेवटी रडतखडत गोष्ट पूर्ण झाली. शेवटी काय होतं, तर फितूर किल्लेदार त्या मुलीला तळघरात कोंडतो. बाहेर भरती. तळघरात पाणी शिरतं. ती दारावर धडका मारते आणि ओरडते, "दार उघडा! मी अजून आत आहे!" पडदा काळा. उरलेली गोष्ट दुसऱ्या भागात.

सासऱ्यांनी कंट्रोलरची सगळी बटणं दाबून पाहिली.

"मगे?"

"मग दुसरा भाग, बाबा."

"म्हंजे चेडू आतच?"

"येईल हो मुलगी बाहेर. आमचं रेकॉर्डिंग चालू आहे."

तेव्हा ते खरं होतं. मी पाच वेळा अंधेरीला जाऊन आले होते. गेमच्या रेकॉर्डिंगनंतर घसा किसणीवर किसल्यासारखा होतो. घरी आल्या आल्या मी मीठ-हळदीच्या गरम पाण्याच्या गुळण्या करायची, आणि सासरे हॉलमधून ओरडायचे, "मोटर लावलंस काय गो?"

सहाव्या खेपेआधी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. "ताई, दुसरा भाग बंद झाला. पण आम्ही जाहीर करेपर्यंत प्लीज कुणाला बोलू नका. तुम्ही करारावर सही केलीय ना."

केली होती. सही करताना मी करार वाचत नसते, पण त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा वाचला. कुठलाही संवाद, कुठलीही बातमी, कुणालाही नाही. हॉलमध्ये सासरे विचारत होते, "आता पुढच्या खेपेक कधी जातंस?"

आता बघा माझी अक्कल. "रेकॉर्डिंग पुढे ढकललंय," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आम्ही पडलो नाटकी जातीचे. मी म्हटलं, "गुरुवारी." आणि गुरुवारी पिशवीत पाण्याची बाटली, खडीसाखर, सगळा सरंजाम भरून घराबाहेर पडले आणि नाहूरला माझ्या बहिणीकडे जाऊन बसले. एका स्टेशनावर! चार तास रमी खेळले. घरी आले. सासऱ्यांनी विचारलं, "काय झाला आज?" मी म्हटलं, "काही सांगता येत नाही हो, करार आहे," आणि चेहरा असा केला, की जणू तिकडे चेडू किल्ला जिंकतेय.

हे सहा आठवडे चाललं. दर गुरुवारी बहीण दारातच म्हणायची, "ये, अंधेरी आली." मला रमीचा वीट आला. तिच्या घरात कोंडून, माझ्या घरात कोंडून, आणि मधल्या एका स्टेशनात काय तो मोकळा श्वास. सासरे मात्र खुलत चालले होते. त्यांनी पहिला भाग पुन्हा सुरू केला. "सराव असूंदे," म्हणाले.

मग एका दुपारी कंपनीनं जाहीर केलं. दोन ओळी आणि खाली किल्ल्याचं चित्र.

तोवर मला कल्पनाच नव्हती, की या गेमचे इतके वेडे आहेत. माझा नंबर कुणी वाटला कोण जाणे, फोन तापून भाकरीसारखा झाला. घाटकोपरच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पेशंटचं तोंड उघडं ठेवून रडत मेसेज पाठवला होता. बोरिवलीचे एक विमा कंपनीतले साहेब, चाळिशीचे, टक्कल, आवाज गंभीर. त्यांनी घराच्या बेलला माझं "दार उघडा!" लावलं होतं. आता ते म्हणाले, "मॅडम, दूधवाला आला तरी डोळ्यांत पाणी येतं." कुणी कंपनीला शिव्या घालत होतं, कुणी सह्यांची मोहीम काढली, कुणी कंपनीबाहेर जाऊन दारावर थापा मारू म्हणत होतं. एकानं तर शोध लावला, की आवाज देणाऱ्या म्हातारीनं अडून बसून वाट लावली. अडून बसले म्हणाला त्याचं काही नाही. पण म्हातारी? त्याला मी चेडूच्या आवाजात असा खणखणीत निरोप पाठवला, की त्यानं तीन वेळा माफी मागितली आणि चौथ्यांदा "दार उघडा" म्हणून दाखवाल का, असं विचारलं.

या सगळ्या गदारोळात आमच्या हॉलमध्ये मात्र एकदम शांतता. सासऱ्यांनी बातमी ऐकली, कंट्रोलर पुसला आणि कपाटात कानटोप्यांच्या खाली ठेवून दिला. मग मला विचारलं, "तुका ठावक होता?"

दुसरा भाग बंद झाल्याचं गुपित आता उरलं नव्हतं. आता खरं बोलता आलं असतं. पण त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि रमीचे सहा गुरुवार समोर उभे राहिले.

"नाही बाबा. मलाही आत्ताच कळलं."

ते "हं" म्हणाले आणि खुर्ची पार्किंगकडे वळवून बसले. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. चहा, गोळी, दिवा बंद कर.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मुंबईतले काही जण मिळून शोकसभा घेणार होते. मेणबत्त्या वगैरे. आणि ती माझ्या उपस्थितीत व्हावी, अशी सगळ्यांची इच्छा. मी नाही म्हणणार, इतक्यात खुर्चीतून आवाज आला.

"मेणबत्त्ये कित्याक? दहावो करा म्हणा."

आठ दिवसांत पहिलं पूर्ण वाक्य!

"बाबा, दहावा? अहो, ती मुलगी..."

"चेडू मेला नाय. खेळ मेलो. खेळाचो दहावो."

नवरा कामावरून फोनवर ओरडला, घरात असलं काही अभद्र नको. म्हणून गच्ची ठरली. रविवारी सकाळी, नवरा ड्युटीवर असताना, बारा-तेरा जण जमले. अनोळखी, नोकरदार, नीट इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं, आणि चेहरे खरोखर सुतकी. मी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार करून घरी झाकून ठेवलं होतं. सासरे स्वच्छ धोतर नेसून तीन मजले चढले. दर पाच पायऱ्यांना थांबायचे, आणि मागून सगळे "वा आजोबा!" करायचे. गच्चीवर पाऊल टाकल्यावर त्यांनी मान वर करून आभाळाकडे असं पाहिलं, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

भाताचे तीन पिंड कठड्यावर ठेवले. विमेवाल्या साहेबांनी एका पिंडाला गेमच्या डिस्कची डबी टेकवली. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, हे सासऱ्यांनी जाहीर केलं. आम्ही हात जोडून उभे राहिलो.

कबुतरं आली.

मुलुंडला कबुतरांना काय तोटा! पहिला पिंड त्यांनी बघता बघता उडवला. सासरे चप्पल घेऊन धावले, म्हणजे जागच्या जागी धावले. "हाड! तुमका कोण बोलयला?"

"आजोबा, कबुतर चालत नाही का?" एका मुलीनं विचारलं.

"कबुतराचो काय संबंध? त्येंका पितर नसतत."

कावळा होता. एकच. समोरच्या टॉवरच्या डिश अँटेनावर बसून आमच्याकडे एका डोळ्यानं बघत होता. येईना. पाऊण तास झाला. ऊन टाळक्यावर. वड्यांच्या आठवणीनं पोटं बोलायला लागली, पण खाली जायची सोय नाही. दुसरा पिंडही कबुतरांनी नेला. कावळा शिवत नसला की गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते, आणि ती पुरी करीन असं कुणीतरी मोठ्यानं कबूल करायचं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग सुरू झाली कबुली.

"मी पहिला भाग अजून दहा जणांना खेळायला लावीन," साहेब म्हणाले.

कावळा ढिम्म.

"मी त्या कंपनीला शिव्या देणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कावळा उडाला आणि आणखी वरच्या अँटेनावर जाऊन बसला.

"खोटं बोलताय तुम्ही, त्याला कळलं!" कुणीतरी म्हणालं. सुतकात हशा पिकला. सासरे मात्र हसले नाहीत. कठड्याला टेकून त्यांनी सावकाश मान वळवली, थेट माझ्याकडे.

"कावळो येवचो नाय. हय कोणतरी कायतरी लपवता हा."

"कोण बाबा?" मी म्हटलं. चेडूपेक्षा निरागस आवाजात.

"सहा आठवडे तू अंधेरीक गेलंस. आणि एकदाव गुळण्ये करूक नायस."

मित्रहो, रंगभूमीवर विंगेतून बाण लागावा, तसं झालं. गुळण्या! खडीसाखर आठवली, बाटली आठवली, चेहरे आठवले, आणि गुळण्या विसरले. आणि या माणसाला पहिल्याच गुरुवारी कळलं होतं. सहा आठवडे तो मला विचारत राहिला, मी सांगेन म्हणून वाट बघत राहिला, आणि पहिला भाग पुन्हा खेळत राहिला.

बारा माणसं माझ्याकडे बघत होती. गच्चीला एकच दार, आणि त्यात विमेवाले साहेब उभे.

मग मी सांगितलं. फोन, करार, नाहूर, रमी. "मला माहीत होतं, बाबा. आणि त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले."

"तां माका ठावक आसा," सासरे म्हणाले. "चेडवाचा काय झाला, तां सांग."

सगळे पुढे सरकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो ना, तुम्ही पाच दिवस रेकॉर्डिंग केलंत. तुम्हाला माहीत असेलच, ती कशी सुटते."

आणि इथे माझी खरी फजिती. मला माहीत नव्हतं. गेममध्ये आम्हाला गोष्ट कुणी सांगत नाही. आधी उरकून घेतात ते नुसते आवाज. हातात कागद देतात: छोटा श्वास, मोठा श्वास, दचकणे, पडणे, उठणे. संवाद नंतर. त्या पाच दिवसांत मी एकही वाक्य बोलले नव्हते. एक्केचाळीस आवाज, बस्स. एक फर्मास शेवट तिथल्या तिथे रचून सांगायची भारी उबळ आली. जमला असता हो! पण समोर धागा तुटलेला ओळखणारा माणूस होता.

"मला फक्त आवाज माहीत आहेत," मी म्हटलं. "धापा, कण्हणं, असलं."

"मॅडम, करार..." साहेब काळजीनं म्हणाले.

"करारात संवाद लिहिलंय. धापेबद्दल अवाक्षर नाही."

"मगे काढ," सासरे म्हणाले आणि डोळे मिटले.

भर उन्हात, गच्चीवर, तिसऱ्या पिंडासमोर मी सुरू झाले. कागदावरच्या क्रमानं. दोन छोटे श्वास. एक लांब, ओढून घेतलेला श्वास, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"बुडी मारल्यान," सासरे म्हणाले.

दात आवळून जोर लावल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा. मग धाप.

"कायतरी लोटता हा. दगड. वरती येवन श्वास घेता आणि परत खाली जाता." मग जरा थांबून, "पाणी कमी झाला काय गो? आता धाप मोकळी येता. सुकती लागली."

सुकती म्हणजे ओहोटी. कुणी विचारलं नाही, सगळ्यांना कळलं. डॉक्टरीणबाई पुटपुटल्या, "तळघरात पाणी आलं तिथूनच बाहेर..." साहेबांनी त्यांना "श्शू" केलं. मी सरपटले, घसरले, कण्हले, चढले. दर आवाजाला सासऱ्यांच्या बोटांची हालचाल होत होती, जशी साच्यावर होत असेल. आणि मग कागदावरचा शेवटचा आवाज, एक्केचाळिसावा. त्याच्यापुढे लिहिलं होतं: दमून हसणे.

तो मी काढला. तिथे रेकॉर्ड केला होता त्यापेक्षा चांगला निघाला, हे मी नम्रपणे नमूद करते.

सासऱ्यांनी डोळे उघडले. "आत आसताना असा कोण हसत नाय. चेडू भायर इला."

टाळ्या, शिट्ट्या, नाकं शिंकरणं. एका मुलीनं अनोळखी साहेबांना मिठीच मारली. आणि कुणाचं तरी लक्ष गेलं, तर कठड्यावर तिसरा पिंड नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणे कावळाच, त्यांनी काळा पंख पाहिला. साहेब म्हणे कबुतर. सासऱ्यांनी निकाल दिला, "शिवलो! चला, वडे थंड झाले."

आणि सगळे खाली निघाले. सासरे पहिल्या पायरीशी आले आणि थांबले.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चढवताना केवढं कौतुक केलं आम्ही! पण त्यांना परत उतरावं लागणार, आणि गुडघे उतरायलाच नाही म्हणतात, हे बारा शिकलेल्या माणसांतल्या एकालाही सुचलं नाही. मला तर सुचायला हवं होतं. खुर्चीवरून नेऊ, असं साहेब म्हणाले. सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते स्वतःच दोन पायऱ्या खाली उतरले.

जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून सासरे उभे. पाय हलेना. कपाळावर घाम. जिन्यात आम्ही सगळे त्यांच्या पुढे-मागे अडकलेले, ना वर ना खाली.

"गो," ते हळूच म्हणाले, "तो जोर लावतानाचो काढ."

मी काढला. दात आवळून. त्यांनी एक पाय खाली टाकला.

"परत."

मी परत. ते परत. पायरीला एक आवाज. जोर लावणं, कण्हणं, धाप, सरपटणं, दगड लोटणं. सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं आणि घाईनं लावून घेतलं. त्यांना काय वाटलं असेल, ते मी विचारलेलं नाही. पाचव्या मजल्यावर आलो तेव्हा ते घामानं धोतरासकट भिजले होते, आणि माझा आवाज पार बसला होता.

आमचं दार उघडं होतं. आतून वड्यांचा वास येत होता. सासरे दाराकडे गेले नाहीत. फळ्या ठोकलेल्या लिफ्टशेजारी उभे राहून खाली जाणाऱ्या जिन्याकडे बघत राहिले.

"आज नको, बाबा," मी म्हटलं. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. नुसती हवा आली.

ते आत जेवायला बसले. अनोळखी माणसांनी आमच्या हॉलमध्ये मांडीला मांडी लावून वडे संपवले, पार्किंगच्या खिडकीसमोर. कंपनीचा पत्ता मागून घेऊन साहेब गेले, शिव्या न द्यायच्या आणाभाका विसरून डॉक्टरीणबाई गेल्या. दुसरा भाग काही कुणी सुरू केला नाही, लिफ्टचं दारही ठरलं नाही.

संध्याकाळी मी ओट्याशी उभी होते. सासरे भिंतीला धरून स्वयंपाकघरात आले. त्यांच्या हातात पेला होता. गरम पाणी, मीठ, हळद. हळद जरा जास्तच.

"लाव मोटर," ते म्हणाले. "उद्या चौथो मजलो."